दुसरी डिस्क आत की बाहेर?

"रेड? आपल्या दुकानावर रेड? काय सांगालास रे तू?"

काकांच्या हातातला चहाचा पेला ओठापाशीच थबकला. व्यापारी माणसाला 'रेड' या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक असतो आणि तो काही सुखाचा नसतो. मी घाईघाईने खुलासा केला की, ही रेड प्राप्तिकर खात्याची नव्हे. संगणकात दोन किंवा अधिक हार्ड डिस्क एकत्र जोडून त्यांच्याकडून एकाच डिस्कसारखे काम करून घेण्याची ती एक रीत आहे. काकांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "मग जरा बरं नाव ठेवायला काय झालं होतं त्यांना?"

नावाचे राहू द्या, पण प्रश्न खरा होता. काकांचे इथे बेळगावात हार्डवेअरचे दुकान आहे. हार्डवेअर म्हणजे संगणक प्रयोगशाळेतले नव्हे. खिळे, बिजागऱ्या, कड्या-कोयंडे आणि रंगाचे डबे. दुकानातल्या डेस्कटॉपवर बिले, उधारी आणि वस्तू व सेवा कराचा हिशेब असतो. कॉलेज सुटल्यावर संध्याकाळी दोन तास तो लिहिण्याचे काम माझ्याकडे आहे. दिवाळीनंतर त्या संगणकाची डिस्क कटकट आवाज करू लागली. दुरुस्तीवाल्याने निदान केले, "ही आता फार दिवसांची सोबती नाही. बदलतायच तर दोन घ्या आणि रेड करून टाका. एक गेली तरी दुसरी आहेच." काकांनी दोन डिस्कचे पैसे मंजूर केले आणि निर्णय माझ्यावर सोपवला. घरात कॉमर्स शिकणारा मी एकटाच, आणि कॉमर्सवाल्याला यंत्रापासून तंत्रापर्यंत सगळे कळते असा काकांचा गोड गैरसमज आहे!

तेव्हा डिस्क दोन घ्यायच्या, हे ठरलेले होते. प्रश्न एवढाच उरला की, दुसरी डिस्क कॅबिनेटच्या आत पहिलीच्या शेजारी बसवावी, की कॅबिनेटच्या बाहेर निराळी ठेवावी? खर्च जवळपास तोच. महिनाभर मी यावर वाचले, विचारले, भांडलो. त्यातून माझे जे मत झाले ते इथे मांडतो. कारण हा प्रश्न माझ्या काकांपुरता नाही. ज्याच्या घरी, दुकानात वा कार्यालयात एक डेस्कटॉप आहे, त्या प्रत्येकाचा तो आहे.

आधी ही रेड आली कुठून ते पाहू. १९८८ साली अमेरिकेतील बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी एक निबंध प्रसिद्ध केला. मोठ्या संगणकाला लागणारी एक अवाढव्य, महागडी डिस्क घेण्याऐवजी वैयक्तिक संगणकातल्या लहान, स्वस्त डिस्क पुष्कळ संख्येने एकत्र का जोडू नयेत, असा त्यांचा सवाल होता. रेड या आद्याक्षरी नावातले एक अक्षर मुळात 'स्वस्त' या अर्थाचे होते. पुढे कारखानदारांनी त्याचा अर्थ 'स्वतंत्र' असा केला. आपला माल स्वस्त म्हणवून घेणे कोणत्या विक्रेत्याला आवडेल?

पण या युक्तीत एक अडचण होती आणि ती त्या तिघांनी प्रामाणिकपणे मांडली. एक लहान डिस्क सरासरी ३०,००० तास टिकते असे धरले, तर अशा १०० डिस्कच्या संचात सरासरी ३०० तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच, एक तरी डिस्क बिघडणार. तेव्हा एक डिस्क गेली तरी काम चालू राहील, अशी जादा माहिती त्या संचातच कुठेतरी राखून ठेवली पाहिजे. थोडक्यात, रेडचा जन्म पुष्कळ डिस्कच्या संचातून झाला. आमच्या गल्ल्याशेजारच्या एकट्या डिस्कसाठी नव्हे. हे लक्षात ठेवले की पुढचा गोंधळ बराच कमी होतो.

रेडचे प्रकार अनेक आहेत. त्यांतले तीन समजले तरी आपले काम भागते.

पहिला 'शून्य' क्रमांकाचा. यात माहितीचे तुकडे करून निम्मे एका डिस्कवर आणि निम्मे दुसऱ्या डिस्कवर लिहितात. दोन कारकून एकाच वेळी लिहू लागले तर काम लवकर उरकते, तसा हा प्रकार. पण एक कारकून रजेवर गेला की वही अर्धीच! समजा, एक डिस्क वर्षभरात बिघडण्याची शक्यता शेकडा २ आहे, तर दोहोंपैकी एक बिघडण्याची शक्यता जवळजवळ शेकडा ४ होते आणि नुकसान मात्र सगळ्याचे. शिवाय वेगासाठी हा खटाटोप करण्याचे दिवस आता गेले. फिरत्या तबकडीची डिस्क सेकंदाला शंभर ते दोनशे मेगाबाइट वाचते. साधी एसएसडी पाचशेच्या आसपास जाते. वेगच हवा असेल तर एक एसएसडी घ्यावी आणि मोकळे व्हावे.

दुसरा 'पाच' क्रमांकाचा. याला किमान तीन डिस्क लागतात. तत्त्व आपल्याला परिचयाचे आहे. दोन रकमा आणि त्यांची बेरीज अशा तीन जागी लिहून ठेवल्या, तर कोणतीही एक पुसली गेली तरी उरलेल्या दोहोंवरून ती काढता येते. हा हुशार प्रकार आहे. पण तीन डिस्कचा खर्च आणि एक बिघडल्यावर नवी भरून घेण्याची दगदग लहान दुकानाला कशाला हवी?

तिसरा 'एक' क्रमांकाचा, आणि दुरुस्तीवाला सांगत होता तो हाच. याचे नाव आरसा. आपल्या कन्नड विभागातले मित्र आरशाला 'कन्नडि' म्हणतात. पहिल्या डिस्कवर जे लिहिले जाते, ते त्याच क्षणी दुसरीवरही लिहिले जाते. एक टेराबाइटच्या दोन डिस्क घेतल्या तरी जागा एकाच टेराबाइटची मिळते. एक डिस्क बंद पडली तर दुसरीवर काम चालू राहते. गिऱ्हाईक समोर उभे असताना पडदा काळा होत नाही.

प्रथम मला हाच प्रकार पसंत पडला होता. संख्याशास्त्राच्या वहीत मी गणितही मांडले. शेकडा २ गुणिले शेकडा २, म्हणजे दोन्ही डिस्क एकाच वर्षात जाण्याची शक्यता दहा हजारांत ४! याहून सुरक्षित ते काय असणार? पण गुणाकाराचा हा नियम लावताना सर नेहमी एक अट सांगतात. त्या दोन घटना परस्परांपासून स्वतंत्र असल्या पाहिजेत. मी अट विसरलो होतो. एकाच कॅबिनेटमध्ये, एकाच वीजपुरवठ्यावर, एकाच दिवशी आणलेल्या, एकाच कारखान्याच्या दोन डिस्क यांना स्वतंत्र कसे म्हणावे? त्या तर जुळ्या बहिणी. एकीला बाधले ते दुसरीला बाधणारच.

आणि इथे मला २०१९ साल आठवले.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा काकांनी वह्या सोडून संगणक घेतला. उधारीही त्यावरच मांडू लागले. दोन वर्षांनी, ऑगस्ट २०१९ मध्ये, बेळगावात जो पाऊस झाला तो आपल्यापैकी कुणी विसरला नसेल. मी तेव्हा आठवीत होतो. दुकानात पाणी शिरले आणि काउंटरखालचा संगणक दोन दिवस पाण्यात राहिला. खिळे गंजले, रंगाचे डबे वाहून गेले. ते नुकसान डोळ्यांना दिसत होते. न दिसणारे नुकसान उधारीचे होते. भरलेली विवरणपत्रे सरकारच्या संकेतस्थळावर शाबूत होती. पण कोणत्या मिस्त्रीकडे किती येणे आहे, हे सरकारला थोडेच ठाऊक असते? काही गिऱ्हाइके आपणहून आली आणि म्हणाली, "मालक, माझे एवढे निघतात, लिहून घ्या." काहींनी विचारले, "कागद दाखवा." काकांकडे कागद नव्हता. त्या वर्षी दिवाळीच्या पाडव्याला काकांनी कोरी वही आणून तिची पूजा केली. पूजा करताना ते काहीच बोलले नाहीत. ते मला अजून आठवते.

आता सांगा, त्या संगणकात तेव्हा एकाऐवजी दोन डिस्क असत्या तर काय झाले असते? दोन्ही बुडाल्या असत्या, एवढेच.

पूर ही फार मोठी गोष्ट झाली. लहान गोष्ट सांगतो आणि यात दोष सर्वस्वी माझा आहे. गेल्या वर्षी जुन्या वर्षाचा एक हिशेब पाहायचा होता, म्हणून मी पेन ड्राइव्हवरची जुनी माहिती संगणकावर चढवली. पडद्यावर सूचना आली. ती न वाचताच मी 'होय' दाबले आणि चालू वर्षाच्या माहितीवर जुनी माहिती लिहिली गेली. आधीची प्रत एकोणीस दिवसांपूर्वीची होती. म्हणजे एकोणीस दिवसांची बिले गेली! दुसऱ्या प्रती फाइलला लावून ठेवण्याची काकांची जुनी सवय होती म्हणून वाचलो. चार संध्याकाळी बसून सगळी पुन्हा चढवली. या वेळी डिस्क ठणठणीत होती. बिघडले होते ते माझे लक्ष. आरशाने इथे काय केले असते? माझी चूक त्याच क्षणी, तितक्याच इमानाने, दुसऱ्या डिस्कवरही लिहिली असती. आपण कपाळावरचे गंध पुसले तर आरशातलेही पुसले जाते. आरसा कधी म्हणतो का, "थांब, कालचे गंध मी राखून ठेवले आहे"?

आपण वाणिज्याचे विद्यार्थी आहोत. आपल्याला तेरजेचे उदाहरण पटेल. तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर, असे नाही. जी नोंद केलीच नाही, किंवा जी रोजकिर्दीतच चुकली, ती चूक दोन्ही बाजूंना सारखी उतरते आणि तेरीज गुमान जुळते. आरशाचे तसेच आहे. दोन्ही डिस्क एकमेकींशी जुळतात, एवढीच तो हमी देतो. जुळलेले ते बरोबर आहे, याची हमी तो देत नाही.

माहिती नष्ट होण्याची कारणे एका कागदावर लिहून पाहा. डिस्क बिघडणे, विजेचा झटका, आग, पूर, चोरी, आपला हात चुकणे, आणि मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या 'वॉनाक्राय'सारखा खंडणीखोर विषाणू, जो माहितीला कुलूप घालतो आणि किल्लीसाठी पैसे मागतो. या सातांपैकी आरसा खात्रीने उपयोगी पडतो तो पहिल्याच कारणाला. उरलेल्या सहांपुढे तो बहुधा हात टेकतो.

माझा एक कन्नडभाषक वर्गमित्र रेडच्या बाजूचा. आमचा वाद नेहमीप्रमाणे निम्मा कन्नडात आणि निम्मा मराठीत झाला. त्याचे दोन मुद्दे वजनदार होते, ते लपवणे बरे नव्हे.

पहिला मुद्दा असा की, डिस्क गेली तर दुकान बंद पडेल. विवरणपत्राची शेवटची तारीख असेल तर दंड होईल. हे खरे आहे. आणि जिथे काम क्षणभरही थांबून चालत नाही, त्या बँकेच्या, रुग्णालयाच्या, रेल्वे आरक्षणाच्या यंत्रणेत रेड असलीच पाहिजे. पण काकांचे दुकान अर्धा दिवस बिलबुकावर चालू शकते. पाव किलो खिळे हाताने बिल लिहूनही विकता येतात. 'काम थांबले तर चालेल का?' हा एक प्रश्न आणि 'माहिती गेली तर चालेल का?' हा दुसरा. रेड हे पहिल्याचे उत्तर आहे. आपण ते दुसऱ्याचे उत्तर समजून विकत घेतो, इथेच घोटाळा होतो.

दुसरा मुद्दा मला अधिक टोचला. तो म्हणाला, "अरे, माणूस प्रत काढायला विसरतो. आरसा विसरत नाही. तुझे एकोणीस दिवस कसे गेले?" यावर माझ्याकडे चटकन उत्तर नव्हते. विसरणारा मीच होतो. पण विचार केल्यावर वाटले, विसराळूपणावर औषध सवयीचे आहे. काका रोज रात्री गल्ला मोजल्याशिवाय शटर ओढत नाहीत. वीस वर्षांत त्यांनी ते कधी विसरल्याचे मला आठवत नाही. प्रत काढणे त्या गल्ल्याच्या हिशेबाला जोडले, की ते विसरले जाणार नाही. आणि आरसा विसरत नसला तरी तोही आपल्याला विसरायला लावतोच. एक डिस्क बंद पडली तरी संगणक चालू राहतो, हा त्याचा गुण. पण सूचनेकडे लक्ष देणारे कुणी नसेल, तर दुसरी जाईपर्यंत पहिली गेल्याचे कळतच नाही, हा त्याच गुणाचा दोष. लक्ष द्यावेच लागणार असेल, तर ते जिथे जास्त उपयोगी पडेल तिथे द्यावे.

कायद्याचेही याबाबत म्हणणे आहे, हे मला या निमित्ताने कळले. वस्तू व सेवा कराच्या कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तके, त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. त्याच कराच्या नियमावलीतील ५७ वा नियम सांगतो की, संगणकावरील नोंदींचा बॅकअप असा ठेवावा की अपघाताने वा नैसर्गिक कारणांनी त्या नष्ट झाल्या, तरी वाजवी मुदतीत त्या पुन्हा उभ्या करता आल्या पाहिजेत. कंपन्यांना तर ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीने असा बॅकअप रोजच्या रोज भारतातील सर्व्हरवर ठेवणे बंधनकारक झाले. काकांचे दुकान ही कंपनी नव्हे, पण पहिला नियम त्यांनाही लागू आहे. त्या नियमातील 'नैसर्गिक कारणे' या शब्दांशी आलो तेव्हा २०१९ चे पाणी पुन्हा डोळ्यांसमोर आले. एकाच कॅबिनेटमधल्या दोन डिस्क हा नियम कसा पाळणार?

म्हणून माझा निर्णय असा झाला. एक डिस्क आत आणि दुसरी बाहेर. दुसरी वेष्टनात घालून यूएसबीने जोडायची. रोज रात्री गल्ला मोजून झाला की ती जोडावी, प्रत घ्यावी आणि लगेच काढावी. जोडलेलीच ठेवली तर विजेचा झटका आणि विषाणू तिलाही गाठतील. कालच्या प्रतीवर आजची लिहू नये. प्रत्येक प्रतीला तारखेचे नाव द्यावे, म्हणजे परवाची चूक आज लक्षात आली तरी तेरवाची प्रत हाताशी असते. ती डिस्क काकांच्या पिशवीतून घरी जाते. गिऱ्हाइकांचे हिशेब तिच्यावर आहेत, म्हणून तिला पासवर्ड घातला आहे. शनिवारची एक प्रत इंटरनेटवरच्या साठ्यातही जाते. तीन प्रती, दोन प्रकारची साधने आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी, असा जो नियम जाणकार सांगतात तो एवढ्यात पाळला जातो.

आणि महिन्यातून एकदा मी ती प्रत घरच्या लॅपटॉपवर उघडून पाहतो. न उघडलेल्या प्रतीवर विश्वास ठेवणे म्हणजे न मोजता नोटांचे बंडल घेणे. पहिल्याच महिन्यात कळले की मी चुकीचाच फोल्डर उतरवत होतो! पुराच्या दिवशी हे कळले असते तर?

या व्यवस्थेत काहीच उणे नाही असे मी म्हणत नाही. दुपारी डिस्क बिघडली तर सकाळपासूनची बिले पुन्हा लिहावी लागतील. तेवढे आम्ही पत्करले आहे. उद्या काकांचा व्याप वाढला, चार जण एकदम बिले करू लागले, तर रेडही घेऊ. पण या बाहेरच्या डिस्कच्या जोडीला. तिच्या जागी नव्हे.

शेवटी दोन शब्द आपल्या कॉलेजविषयी. संगणकीय लेखाकर्माच्या प्रात्यक्षिकात आम्ही व्हाउचर भरायला शिकलो, ताळेबंद काढायला शिकलो. प्रत काढून ती पुन्हा उभी करायला मात्र मी चार संध्याकाळी घालवून शिकलो. एक तास याला दिला, तर आमच्यापैकी जे उद्या कुणाच्या पेढीवर बसतील त्यांच्या हातून एखाद्याची उधारी बुडणार नाही, अशी प्राध्यापकांना नम्र विनंती आहे. आणि मित्रहो, तुमचा प्रकल्प अहवाल या क्षणी किती ठिकाणी आहे? एकाच लॅपटॉपवर असेल तर हे पान मिटण्यापूर्वी त्याची एक प्रत दुसरीकडे ठेवा.

काकांना हा लेख वाचून दाखवला. ते म्हणाले, "एवढं लांब कशाला लिहिलास? वही दुकानात आणि नक्कल घरात, असं माझे वडील करत होते की." मग मी त्यांना विचारले, "मग संगणक आल्यावर तुम्ही ते का सोडलंत?" काका थोडा वेळ गप्प बसले आणि पिशवीत डिस्क आहे ना, ते चाचपून पाहू लागले.

(बी. कॉम., चौथे सत्र)